क्लच मी दाबला होता

बाळ्या, तुझी गाडी काल चालू झाली. आधी हेच सांगतो, कारण दुसरं काही सांगायला लागलो तर तू मध्येच तोडशील, "ते राहू दे बे, गाडीचं काय झालं ते बोल की." चालू झाली म्हणजे नुसतं इंजिन नव्हे, ते तर तेव्हाही होत होतं. काल पहिला गिअर टाकला, क्लच दाबून धरला आणि गाडी जागची हलली नाही. दहा मिनिटं धरून ठेवला. नाही हलली. संध्याकाळी पुन्हा जाऊन पाहिलं तर लिव्हर सकाळइतकाच घट्ट. तुझ्या लेकीनं, मुक्तानं, विजापूर रोडपर्यंत एक चक्कर मारली. परत येऊन तिनं हेल्मेट काढलं तेव्हा ती इतकी तुझ्यासारखी दिसली की पाने-पकडी गोळा करायच्या निमित्तानं मी मान खाली घातली.

सत्तावीस दिवस झाले तुला जाऊन, आणि माझ्या हातून एक काम धड होत नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये पोरं लंबकाचे हेलकावे मोजत असतात आणि मी खिडकीपासून कपाटापर्यंत, कपाटापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या घालतो. परवा एका मुलीनं विचारलं, "सर, काही हरवलंय का?" तोंडातून हो निघून गेलं. काय, म्हणाली. स्टॉपवॉच, म्हणालो. चार पोरी बिचाऱ्या अर्धा तास बाकांखाली शोधत होत्या. घरी बायको म्हणते, एकदा डॉक्टरांना दाखवून या. त्यांना काय दाखवू? जे बोलायचंय ते तुझ्याशी बोलायचंय.

तू गाडी आणलीस तो दिवस आठवतो. वयाची पन्नाशी उलटलेली, कचेरीत फायलींच्या ढिगाऱ्याआड बसणारा हेडक्लार्क आणि पुण्याहून सेकंडहँड परदेशी मोटरसायकल चालवत आला! अख्खी गल्ली बघायला आली. वहिनी तेवढ्या दारातनं आत गेल्या त्या आठ दिवस तुझ्याशी बोलल्या नाहीत. मग तूच त्यांना गाडी समजावून सांगायला बसलास, जणू समजली की आवडेल. साध्या गाडीच्या क्लचला तार असते, हिला तार नाही, तेल आहे. वर मुठीपाशी तेलाची डबी, तिथनं नळी खाली, खाली इंजिनाला बसवलेला एक छोटा सिलिंडर. वर लिव्हर दाबला की तेल खाली रेटलं जातं, खालच्या सिलिंडरमधलं पिस्टन सरकतं, ते दांडी ढकलतं, क्लच सुटतो. वरच्याला मास्टर म्हणतात, खालच्याला स्लेव्ह. वहिनी शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "म्हंजे आपल्या घरातल्यावानीच की. वरनं तुमी दाबायचं, खालनं मी ढकलायचं." तू इतका हसलास की त्यांचा आठ दिवसांचा राग तिथंच संपला.

तोच खालचा सिलिंडर यंदा गळायला लागला. सोलापुरातल्या दोन गॅरेजवाल्यांनी गाडी नुसती लांबनं पाहून हात जोडले. तू म्हणालास, मग आपणच बसवू, आहे काय त्यात. पार्ट मागवलास, रोज कुरिअरवाल्याला फोन करून त्याला भंडावून सोडलंस, आणि तो पार्ट आला नेमका तुझी पाळी चालू असताना.

तुमच्या भावकीतली ही पाळी मला लहानपणापासून पाठ. देवाचा पितळी मुखवटा चार घरांत फिरतो, ज्याची पाळी त्याच्या घरी नऊ दिवस. पूर्वी जुन्या गावातल्या तुमच्या घरी पालखीतनं यायचा, तू जुळे सोलापूरच्या नव्या वस्तीत राहायला आल्यावर रिक्षातनं यायला लागला. त्या नऊ दिवसांत तू रजा टाकून सोवळ्याचा मुकटा नेसणार, चामडं, तेलकट यंत्र, परका माणूस, कशालाच शिवणार नाहीस. एरवी देवाधर्माची यथेच्छ टिंगल करणारा तू, पण ते नऊ दिवस तुझ्या वडिलांनी घालून दिलेली रीत इंचभर मोडायचा नाहीस. मी एकदा कारण विचारलं तर म्हणालास, "बाप गेल्यावर त्याचं ऐकायची एवढी एकच जागा उरली बे."

आणि पार्ट तर समोर पडलेला. नऊ दिवस थांबण्याइतका धीर तुला देवानं दिलाच नव्हता. मला फोन केलास, "मास्तर, सकाळी ये. हात तुझे, डोकं माझं." मी कसला मास्तर, लॅब असिस्टंट. पण तू मला आयुष्यभर मास्तरच म्हणालास.

ती सकाळ मला रोज दिसते. पोर्चमध्ये गाडी. उंबऱ्याच्या आत पाटावर तू, उघडा, मुकटा नेसलेला, हातात लांब वेताची काठी, आणि त्या काठीनं बोल्ट दाखवतोयस. "तो न्हवं, त्याच्या डावीकडचा. अबे हळू, देव बघतोय." समोरच्या घरातले आजोबा मुद्दाम खुर्ची घेऊन बसले होते. मी जुना सिलिंडर काढला, नवा नळीला जोडला, तेल भरलं. आता फक्त तीन बोल्टांनी इंजिनावर बसवायचा राहिला होता. तेवढ्यात आतून वहिनींनी हाक मारली, नैवेद्य झालाय. तू उठलास आणि काठी माझ्यावर रोखून म्हणालास, "मी येईपर्यंत कशाला हात लावू नको. क्लच तर अजिबात दाबायचा नाही. ध्यानात ठेव."

क्लच मी दाबला, बाळ्या.

का दाबला ते आजही सांगता येणार नाही. गाडीजवळ उभा राहिलेला कुठलाही माणूस दाबतोच, तसा हात गेला. एकदा दाबला, लिव्हर सैल लागला, म्हणून आणखी दोनदा दाबला. खालचा सिलिंडर मोकळाच लोंबत होता, समोर रेटायला काही नाही, त्यामुळे पिस्टन सरळ बाहेर आलं आणि तेलाची चिळकांडी फरशीवर. आत घंटा वाजत होती. मी घाबरलो. चोपन्न वर्षांचा माणूस, पोरासारखा घाबरलो. रुमालानं फरशी पुसली, पिस्टन अंगठ्यानं आत दाबलं. जाईना, तर स्क्रूड्रायव्हरच्या टोकानं त्याचं रबरी सील आत सारलं. गेलं. पटापट तीन बोल्ट आवळले. तू बाहेर आलास तेव्हा मी डबीत तेल ओतत होतो.

"बसवलास? मी थांब म्हणालो होतो की."

"सोपं होतं," मी म्हणालो.

तू माझ्याकडे बघितलंस आणि खूश झालास. आजोबांना ओरडून सांगितलंस, "बघा आजोबा, मास्तरांच्या हातानं झालं म्हणजे माझ्याच हातानं झालं!" तिथंच सांगायला हवं होतं. तुझ्या रागाला मी भ्यालो असं म्हणून सुटता येईल, पण ते खरं नाही. तुझा राग काय मला नवा होता? शेजारचे टीव्हीचा आवाज कमी करून ऐकतील असा ओरडायचास आणि तासाभरानं काही झालंच नाही असा फोन करायचास. भीती होती ती त्या वाक्याची. तू ते वाक्य मागं घेऊ नयेस असं मला वाटलं.

पुढं चार रविवार. तेलात हवा राहिली की ती दबते आणि लिव्हर मऊ लागतो, हे सातवीतला मुलगाही सांगेल. म्हणून आपण हवा काढत बसलो. मी वर क्लच दाबायचा, तू खाली वाकून नट सोडायचा, बुडबुडे आले की आवळायचा. लिव्हर झकास घट्ट व्हायचा, तू टाळी द्यायचास, आणि संध्याकाळी फोन, "मास्तर, परत मऊ पडला बे. गिअर टाकला की पुढं पळतीय." दुसऱ्या रविवारी तू मोठी सिरिंज आणलीस आणि खालून वर तेल चढवलंस. तिसऱ्या रविवारी नळीच्या बोल्टाखालचे तांब्याचे वायसर बदललेस. उन्हाचा नुसता जाळ, तू फरशीवर आडवा, बनियन घामानं चिकटलेलं, आणि वहिनी ताक घेऊन उभ्या. तू विचारायचास, "हवा येती कुठनं बे? एवढी काढली तरी येती कुठनं?" आणि मी, बाळ्या, मी तुला पास्कलचा नियम सांगायचो.

चौथ्या रविवारी तू म्हणालास, सिलिंडर खोलू. सील बघू. मी नको म्हणालो. नवा पार्ट कधी खराब असतो का, म्हणालो. खोललास तर आणखी वाट लागेल. वायसरच बोगस असतील. तुला यातलं कळत नाही, तू फायलीच बघ, असंही म्हणालो. शेवटी तुझं डोकं फिरलं. "गाडी माझी, आणि माझंच ऐकायचं नाही? मग येतोस कशाला तू?"

"नाही येत," मी म्हणालो आणि चप्पल घालून निघालो. वाटेत मला काय वाटलं ते लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. सुटल्यासारखं वाटलं.

तासाभरानं तुझा फोन येईल असं धरून चाललो होतो. आला नाही. मीही केला नाही. एरवी कुणीतरी एक नमायचाच. अकराव्या दिवशी कचेरीतून फोन आला, तो तुझ्या शेजारच्या टेबलावरच्या माणसाचा. तू सही करता करता मान टाकलीस म्हणाला. डॉक्टर म्हणाले, हृदय आधीच थकलेलं होतं, कुणाच्या हातात काही नव्हतं. मी त्यांना दोनदा विचारलं, उन्हात वाकून काम केल्यानं असं होतं का? ते नाही म्हणाले. दोन्ही वेळा नाही म्हणाले. तरी ते तुझं घामेजलेलं बनियन डोळ्यांपुढून हलत नाही.

तुला संशय आला होता का रे? सिलिंडर खोलू म्हणताना तू माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं होतंस की मला तसं वाटतंय? ह्यावर माझी रोज दोन्ही बाजूंनी वकिली चालते. संशय होता तर तू बोलला असतास, तू कधी पोटात काही ठेवलंस? आणि नव्हता, तर मग फोन का नाही केलास?

परवा वहिनींनी बोलावून घेतलं. मुक्ता महिनाभर इथंच आहे, आता पुण्याला नोकरीवर परत जायचं म्हणते, आणि गाडी घेऊन जायचं म्हणते. "भावजी," वहिनी म्हणाल्या, "पोरीला न्हायी म्हणवंना मला. पर तेवढी धड करून द्या. हायवेला ट्रकच्या मधी कुटं बंद पडली, पुढं सरकली, तर मी काय करू?" मी हो म्हणालो. मग त्या देवघराखालच्या कप्प्यातनं एक पाकीट घेऊन आल्या. तू गेल्यावर चौथ्या दिवशी कुरिअरनं आलेलं. त्यांनी सही करून घेतलं आणि न उघडता ठेवून दिलं होतं. आत काय होतं तुला ठाऊकच आहे. नवं सील. म्हणजे माझं न ऐकता तू खोलायचं ठरवलंच होतंस. पाकिटावर तुझं नाव पूर्ण छापलेलं, बाळकृष्ण, आणि मला ते दुसऱ्याच कुणाचं तरी वाटलं.

काल सकाळी मी आणि मुक्तानं खोललं. तीन बोल्ट. मागचं धूळ अडवणारं रबर काढलं तर आतली बाजू ओली. पिस्टन बाहेर घेतलं आणि सीलच्या कडेला चीर, निम्म्या नखाएवढी, स्क्रूड्रायव्हरच्या टोकाच्या बरोबर मापाची. तिथनं हवा आत शिरत होती. चार रविवार तू शोधत होतास ती जागा. मुक्तानं ते उजेडात धरून बघितलं आणि म्हणाली, "हे बाबांनीच केलं असणार. सिलिंडर बाहेर असताना क्लच दाबला असणार आणि मग कोंबलं असणार. सगळ्या व्हिडिओंत पहिलं हेच सांगतात, दाबू नका म्हणून. पण बाबांना कुठला धीर, नाही का काका?"

मी म्हणालो, "असेल."

बघ म्हणजे. जिवंत होतास तेव्हा लपवलं आणि गेल्यावर तुझ्याच माथी मारलं. आपण एकोणीस वर्षांचे असताना तू मला होम मैदानावर गाडी शिकवलीस, तुझ्या काकांची. मी ती आडवी केली आणि दिवा फोडला. काकांपुढं तू सरळ म्हणालास, माझ्या हातनं पडली. दोन कानाखाली खाल्ल्यास आणि बाहेर येऊन मला म्हणालास, "तू पुढच्या वेळी ब्रेक लवकर मार, माझा गाल एवढाच हाय." मी त्याबद्दल तुझे आभारही कधी मानले नाहीत. मित्रात कसले आभार, असं आपण धरून चाललो होतो.

काल दिवसभर माझं काम मात्र फार नीट झालं. नवं सील तेलात बुडवून अलगद बसवलं, एकही हिसका नाही. मुक्ता वर दाबत होती, मी खाली नट सोडत होतो, अकराव्या खेपेला शेवटचा बुडबुडा आला आणि मग नुसतं स्वच्छ तेल. वहिनींनी शिरा केला. मी तो खाल्ला आणि घरी येऊन पडलो, तर पाठ टेकवेना. पहाटेपर्यंत त्या एका 'असेल'शी भांडत होतो.

आज सकाळी लॅबला न जाता तुझ्या घरी गेलो. मुक्ता पोर्चमध्ये गाडी पुसत होती. वहिनी उंबऱ्याच्या आत जोंधळे निवडत होत्या. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं. म्हणालो, वहिनी, ते सील बाळ्यानं नाही फाडलं, मी फाडलं. तो नको म्हणून गेला होता आणि मी क्लच दाबला. चार रविवार मला माहीत होतं.

वहिनींनी वर बघितलं नाही. सुपातला एक खडा काढला. "मला कालच कळलं," म्हणाल्या. "पोरगी म्हणली बाबांनी दाबला. अन् मी मनात म्हणले, हे कसं दाबतील? देव घरात हुता. नऊ दिवस त्येंनी मला सुदिक हात लावला न्हाय, गाडीला कुटला लावत्यात?" मग सूप बाजूला ठेवलं. "रातभर वाट बघत हुते, तुमी येताय का न्हाय ती."

त्यांनी मुक्ताला हाक मारली. "आधी हिला सांगा. हिनं बापाला नाव ठिवलंय." मग मी पुन्हा सांगितलं, पहिल्यापासून, स्क्रूड्रायव्हरसकट. मुक्ता ऐकत होती. फडक्याची घडी घालत होती, उलगडत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "चार आठवडे, काका?" आणि आत निघून गेली. ती माझ्याशी पुन्हा कधी बोलेल मला माहीत नाही.

मी निघायला लागलो तर वहिनी म्हणाल्या, "कुटं चालला? त्ये असते तर तुमाला लई बोलले असते की न्हाय?"

"बोलला असता."

"मग? त्येंनी बोलायचं ऱ्हायलंय ती कुनी बोलायचं? बसा तितं."

मी बसलो, बाळ्या. आणि त्या बोलल्या. काय बोलल्या! तुझी बायको पंचवीस-तीस वर्षं तुझ्यासमोर गप्प का राहायची ते आज कळलं, ती सगळं साठवत होती. माझ्या शिक्षणाचं काढलं, माझ्या हाताचं काढलं, पास्कलचं तर असं काढलं की तो बिचारा वर कुठं असेल तिथं कान धरून बसला असेल. उन्हात तू आडवा पडायचास आणि मी सावलीत उभा राहून नियम सांगायचो, हे त्यांनी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगताना त्यांना रडू फुटलं, तसं मलाही फुटलं, तरी त्या थांबल्या नाहीत. समोरच्या आजोबांनी टीव्हीचा आवाज कमी केला. अर्ध्या तासानं त्यांना धाप लागली. पदरानं तोंड पुसलं आणि सूप पुन्हा मांडीवर घेतलं.

मी उठलो. दारापर्यंत गेलो तेव्हा मागनं आवाज आला, "भावजी, उद्या या. आज निम्मंच झालंय."